सिंगल-स्पीड माउंटन बाइकची फ्रेम: कुरकुर कुठून येते आणि फ्रेम विकत घेण्याआधीच ती कशी टाळायची

सिंगल-स्पीड सायकलीत गिअर बदलणारा डिरेलर नसतो, गिअरच्या केबली नसतात आणि चेन ताणलेली असल्याने ती फ्रेमवर आपटत नाही. म्हणजे सायकल शांत असायला हवी. प्रत्यक्षात बऱ्याच जणांची तक्रार उलटी असते: बाकी सगळे आवाज गेले आणि एकच कुरकुर उरली, ती मात्र डोकं उठवते. याला कारण आहे. गिअर नसल्यामुळे चढ आला की उभं राहून, हँडल ओढून पायडल दाबावं लागतं. गोव्यात पर्वरीच्या सड्यावर (पठारावर) चढताना किंवा सत्तरीतल्या बागायतीच्या वाटांवर सायकलीच्या सांध्यांवर जो जोर येतो, तो सपाट रस्त्यावर बसून चालवताना कधीच येत नाही.

हा जोर किती, ते एकदा आकड्यांत पाहू. ८० किलोचा माणूस एका पायडलवर पूर्ण वजन टाकून उभा आहे. क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, लांबी १७५ मिमी. पुढचं दातेरी चक्र, म्हणजे चेनरिंग, ३२ दातांचं, म्हणजे त्याची त्रिज्या साधारण ६५ मिमी. क्रँक ही पहारीसारखी काम करते: ८० × १७५ ÷ ६५, म्हणजे चेनवर सुमारे २१५ किलोचा ताण. हँडल ओढलं तर त्याहून जास्त. हा सगळा ताण चेनच्या बाजूने, म्हणजे उजव्या अंगाने, मागच्या ॲक्सलला (चाकाच्या आसाला) पुढे खेचतो आणि बीबीला (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकची धुरी जिथे फिरते ती जागा) मागे खेचतो. पायडल खाली गेलं की ताण येतो, वर आलं की सुटतो. मिनिटाला साठ वेळा क्रँक फिरली तर हे एकशेवीस वेळा होतं.

आता कुरकुर म्हणजे काय? दोन भाग एकमेकांवर दाबून बसवलेले आहेत, पण पुरेसे घट्ट नाहीत किंवा पुरेसे सरळ नाहीत. ताण आला की ते केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर सरकतात, अडकतात, परत सरकतात. प्रत्येक सरकण्याला एक ‘कट’ होतो आणि फ्रेमच्या पोकळ नळ्या तो मोठा करतात. म्हणून आवाज नळीतून येतोय असं वाटलं तरी त्याचा उगम जवळजवळ नेहमी सांध्यात असतो. शांत फ्रेम निवडायची म्हणजे पायडलच्या ताणाच्या वाटेत कमीत कमी सांधे असलेली, आणि जे आहेत ते उघडून साफ करून परत घट्ट करता येतील अशी फ्रेम निवडायची. धातू, रंग, कंपनी हे सगळं त्यानंतर.

असे मोठे सांधे दोनच: चेन ताणण्याची सोय आणि बीबी. खरेदीआधीचा निम्म्याहून जास्त वेळ यांवर घालवावा.

चेन ताणायची कशी

गिअरच्या सायकलीत ढिली चेन डिरेलर ओढून धरतो. सिंगल-स्पीडमध्ये ते काम फ्रेमनेच करायचं असतं: मागचं चाक मागे सरकलं पाहिजे किंवा बीबी पुढे सरकली पाहिजे. किती सरकली पाहिजे, याचं गणित सोपं आहे आणि फ्रेम बघताना उपयोगी पडतं.

चेनची एक कडी १२.७ मिमीची. चेन कमी करताना बाहेरची आणि आतली अशी कड्यांची जोडी काढावी लागते, म्हणजे २५.४ मिमी. चेन वर आणि खाली अशी दोन पदरी जाते, म्हणून ॲक्सलला त्याच्या निम्मं, १२.७ मिमी सरकावं लागतं. मागच्या फ्रीव्हीलचा एक दात बदलला तर ॲक्सल सुमारे ३.२ मिमी सरकतं. चेन झिजून ०.७५ टक्के लांबली, म्हणजे बदलायच्या वेळेला आली, की आणखी साडेचार मिमी लागतात. १२.७ आणि साडेचार मिळून १७ मिमीच्या आसपास सरकायला जागा असलेली फ्रेम असेल तर कुठलीही दात-जोडी निर्धास्त बसते. जागा ११-१२ मिमीच असेल तर कधी कधी हाफ-लिंक नावाची एक अर्धी कडी घालावी लागते.

दुसरा आकडा याहून महत्त्वाचा आहे. ॲक्सल फक्त १ मिमी पुढे सरकलं तर खालची चेन मधोमध जवळजवळ २ सेंटिमीटर लोंबते. म्हणजे चेन ताणण्याची सोय नुसती सरकणारी असून भागत नाही, ती जागच्या जागी खिळून राहिली पाहिजे. एक मिलिमीटरची ढिलाईसुद्धा चेन उतरवते.

आता प्रकार बघू.

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे आडवी खाच. आपल्याकडे पाव घेऊन येणाऱ्या पदेराची काळी सायकल बघा: मागचं चाक मागे उघडणाऱ्या आडव्या खाचेत बसतं, दोन्ही बाजूंना नट, आणि खाचेच्या टोकाला चेन ओढून धरणारा छोटा ॲडजस्टर. माउंटन बाइकच्या फ्रेमवरही हीच रचना येते. सरकणारा वेगळा भाग नाही, म्हणून आवाज करायला जागाच नाही. मला विचाराल तर निव्वळ शांततेसाठी याहून चांगलं काही नाही. मात्र अटी आहेत. हब नटवाला हवा, दहा मिमीच्या भरीव ॲक्सलचा. क्विक-रिलीजची, म्हणजे नटाऐवजी खटका दाबून आवळायच्या दांडीची, पकड २१५ किलोसमोर अपुरी पडू शकते. लावायचाच असेल तर आतल्या बाजूला कॅम असलेला पोलादी घ्यावा, हलका उघड्या कॅमचा नको. नट ३० ते ४० न्यूटन-मीटरने आवळावा. वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १८ किलोचा जोर लावला की ३५ न्यूटन-मीटर होतात. नटाच्या आट्यांना ग्रीस लावावं, पण खाचेच्या ज्या पृष्ठभागाला नट चावतो तो कोरडा ठेवावा. नवीन फ्रेमवर तिथे रंग असतो. तो रंग दाबाखाली चिरडतो, नट ढिला पडतो आणि पहिल्याच आठवड्यात ‘टक’ सुरू होतो. नट बसतो तेवढा रंग आधीच खरवडून टाकावा.

आडव्या खाचेची खरी अडचण डिस्क ब्रेकची आहे. चाक मागे-पुढे झालं की डिस्क सरकते, डिस्कला पकडणारं कॅलिपर मात्र फ्रेमला बोल्ट केलेलं, जिथल्या तिथे. म्हणून कॅलिपरची बैठक लांबट खाचेची आहे का, ते बघावं. नसेल तर दर वेळी चेन ताणल्यावर ब्रेक डिस्कला घासेल, आणि ती ‘श्श श्श’ फ्रेमची समजून आपण बीबी उघडत बसू. शिवाय पंक्चर झालं की चाक काढताना ताण जातो, परत बसवताना सगळं पुन्हा जुळवायचं.

दुसरा प्रकार सरकत्या ड्रॉपआउटचा. ड्रॉपआउट म्हणजे फ्रेमच्या टोकाची चाक बसायची जागा. चाक सरळ खाली उतरणाऱ्या उभ्या खाचेत किंवा थ्रू-ॲक्सलवर (आरपार जाणाऱ्या जाड आसावर) बसतं, आणि ती खाच असलेली पट्टीच फ्रेमवर मागे-पुढे सरकते. प्रत्येक बाजूला दोन बोल्ट, आणि पुढून किंवा मागून पट्टीला टेकणारा एक बारीक स्क्रू. ब्रेकचं कॅलिपर पट्टीवरच असतं, म्हणून तेही चाकाबरोबर सरकतं. चाक काढलं तरी ताण बिघडत नाही. जंगलवाटेवर काट्याने पंक्चर झालं तर याची किंमत कळते. बहुतेकांसाठी हाच पर्याय योग्य आहे.

तो कुरकुरतो तेव्हा चारांपैकी एक कारण असतं. पट्टी आणि फ्रेम यांच्यामध्ये रंगाचा थर आहे. बोल्ट कोरडे आवळले आहेत. टेकणारा स्क्रू पट्टीपासून सुटलेला आहे, त्यामुळे जोराच्या चढावर पट्टी तसूभर पुढे जाते. किंवा ॲल्युमिनियमची पट्टी पोलादी फ्रेमवर आहे आणि खाऱ्या हवेने मध्ये पांढरी पूड धरली आहे. हे शेवटचं कारण मोरजी, मांद्रे, केरीकडे वाळूवर सायकल नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मीठ आणि ओलावा असला की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम झिजत जातं. उपाय साधा: पट्टी काढा, पुसा, पातळ ग्रीस लावा, आवळा.

ताण देताना चारही बोल्ट अर्धा आटा ढिले करायचे आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवायचे. स्क्रू एम-६ असेल तर एका पूर्ण आट्याला पट्टी १ मिमी सरकते, एम-५ असेल तर ०.८ मिमी. वरचा आकडा आठवा: पाव आट्यानेही चेनमध्ये फरक जाणवतो. म्हणून पाव-पाव आट्यानेच जायचं आणि दोन्ही बाजूंचे आटे मोजायचे, नाहीतर चाक वाकडं बसतं. फ्रेम घेताना हा टेकणारा स्क्रू आहे की नाही, हे नक्की बघा. नुसत्या बोल्टच्या पकडीवर अवलंबून असलेली सरकती पट्टी घेऊ नये.

याचाच भाऊ म्हणजे रॉकर ड्रॉपआउट, ज्यात पट्टी सरळ न सरकता एका बोल्टभोवती फिरते. नीट बनवलेला असेल तर चांगला. निगा तीच.

तिसरा प्रकार, एक्सेंट्रिक बीबी. फ्रेमच्या खालच्या मोठ्या नळकांड्यात एक जाड लाडू बसवलेला असतो आणि बीबीचं भोक त्या लाडवात मधोमध नसून एका कडेला असतं. लाडू फिरवला की क्रँक पुढे-मागे होते. मागचं चाक जिथल्या तिथे, ब्रेक जिथल्या तिथे, दिसायला सगळ्यात नीटनेटका. पण आवाजाच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचा, कारण हा सांधा नेमका सगळ्यात जास्त ताण येतो तिथे आहे आणि खालून उडणारा चिखल-पाणी थेट त्यावर येतं. सरकण्याची जागाही साधारण १०-१२ मिमीच.

यातही तीन जाती आहेत. खालून टोकदार स्क्रू लाडवाला दाबणारी: स्क्रू लाडवात खड्डे पाडतात, मग लाडू परत परत त्याच खड्ड्यात जाऊन बसतो, हवा तिथे थांबत नाही. ही टाळावी. लाडूच पाचरीने आतून फुगून नळकांड्याला घट्ट होणारा: ताजा असताना छान, धूळ शिरली की कुरकुरा. आणि नळकांडं खालून चिरलेलं, दोन बोल्टनी आवळलं जाणारं: तिघांत हे सगळ्यात शांत राहतं, कारण पकड पूर्ण गोलाईवर येते. एक्सेंट्रिक बीबीची फ्रेम आवडलीच, तर ही शेवटची जात बघून घ्या.

उरली उभ्या खाचेची साधी गिअरची फ्रेम. घरात जुनी पडलेली असते, म्हणून पहिला विचार तिचाच येतो. तिच्यावर स्प्रिंगवाला टेन्शनर लावता येतो. तो स्वतः खडखडतो, पण सायकल चालते. काही जण दातांची अशी जोडी शोधतात की चेन आपोआप नेमकी बसेल. पहिल्या दिवशी बसतेही. पण चेन अर्धा टक्का झिजली की सव्वा मीटरच्या चेनमध्ये ६ मिमी वाढतात आणि खालचा पदर ३ सेंटिमीटर लोंबतो. सिंगल-स्पीड आपल्याला जमतं का, हे सहा महिने बघायला हा मार्ग ठीक. त्यासाठी नवी फ्रेम मात्र अशी घेऊ नका.

बीबी: आट्यांची की दाबून बसवलेली

दोन्ही क्रँक ज्या आडव्या धुरीवर फिरतात तिचं घर म्हणजे बीबी शेल. इथला निर्णय एका वाक्यात सांगता येतो: आट्यांचं शेल घ्या.

आट्यांच्या जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या मापात शेलची रुंदी ६८ किंवा ७३ मिमी असते. माउंटन बाइकला बहुधा ७३. बेअरिंगचे कप दोन्ही बाजूंनी आटे फिरवून बसतात आणि ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळले जातात. चेनकडच्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे तो कप घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवून घट्ट होतो. हे न कळल्यामुळे शेलचे आटे खराब झालेल्या फ्रेमी कमी नाहीत. २०१५ मध्ये आलेलं टी-४७ हे मोठं मापही आट्यांचंच आहे आणि तेही चांगलं, फक्त त्याचे कप मिळवायला वाट बघावी लागते.

प्रेस-फिटमध्ये आटे नसतात. कप किंवा बेअरिंग थेट गुळगुळीत भोकात दाबून बसवतात. भोकाचा आतला व्यास ४१, ४२ किंवा ४६ मिमी असतो. सिद्धांतात यात वाईट काही नाही. पण पकड पूर्णपणे भोकाच्या अचूकतेवर अवलंबून राहते. भोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाने मोठं, किंवा डावं-उजवं भोक एका रेषेत नाही, तर कप प्रत्येक पायडलला आत हलतो. आट्यांचा कप सैल झाला तर पान्याने आवळता येतो. दाबून बसवलेल्या कपला आवळायला जागाच नाही. प्लास्टिकचे कप असतील तर आवाज लवकर येतो. अशी फ्रेम आधीच हातात असेल, तर डावा आणि उजवा कप एकमेकांना मधोमध आटे देऊन जोडले जातात असे बीबी मिळतात. ते दोन्ही कप एका रेषेत धरतात आणि बहुतेक वेळा कुरकुर थांबते.

आट्यांच्या शेललाही एक काम करून घ्यावं लागतं. फ्रेमला रंग देताना तो आट्यांत आणि शेलच्या कडेवर जातो. कप त्या कडेवर टेकतो. कड रंगाने उंचसखल असेल तर कप एका बाजूने टेकतो, दुसऱ्या बाजूने नाही, आणि तिथून ‘कट कट’ येते. आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ करणं आणि कड कटरने सपाट करणं, ही दोन्ही कामं चांगल्या सायकल वर्कशॉपमध्ये होतात. बीबी बसवण्याआधी सांगून करून घ्या. नंतर सगळं परत काढावं लागतं.

बाजारात ‘एमटीबी’ म्हणून मिळणाऱ्या साध्या सिंगल-स्पीड सायकलींबद्दलही सांगायला हवं, कारण सुरुवात अनेकांची तिथूनच होते. त्यांच्यात बऱ्याचदा आडवी खाच आणि आट्यांचं शेल असतं, म्हणजे पाया बरोबर असतो. आवाज येतो तो सुट्या छऱ्यांच्या बीबीतून, ग्रीस वाहून गेल्यावर. सीलबंद कार्ट्रिज बीबी घातली तर निम्मा प्रश्न सुटतो. पण पुढे जाड स्प्रिंगचा दिखाऊ सस्पेन्शन चिमटा (फोर्क) असेल तर त्याच्या खडखडाटावर इलाज नाही. तो बदलून साधा चिमटा लावावा.

मागचं ॲक्सल

सरकत्या ड्रॉपआउटची फ्रेम घेत असाल तर १२ मिमीचं थ्रू-ॲक्सल घ्या. रुंदी १४२ किंवा १४८ मिमी. १४८ ला बूस्ट म्हणतात. थ्रू-ॲक्सल दोन्ही पट्ट्यांना आरपार शिवून टाकतं, त्यामुळे मागचा त्रिकोण पिळला जात नाही आणि पट्टीवरचा ताणही दोन्हीकडे वाटला जातो.

रुंदी निवडताना चेनलाइन बघायला विसरू नका. चेनरिंग आणि फ्रीव्हील एकाच सरळ रेषेत हवेत, फरक फार तर १-२ मिमीचा. बूस्ट फ्रेमला चेनलाइन फ्रेमच्या मध्यरेषेपासून साधारण ५२ मिमी धरलेली असते. जुना हब आणि नवी क्रँक अशी जोडी लावली तर चेन तिरकी चालते, दातांच्या बाजूला घासते आणि सतत बारीक घरघर करते. फ्रेमच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त किती दातांचं चेनरिंग बसतं, तेही लिहिलेलं असतं; २९ इंची चाकाला गोव्याच्या चढांसाठी ३२ पुढे आणि २० मागे ही जोडी बहुतेकांना झेपते, म्हणून ३२ बसलंच पाहिजे.

धातू

क्रोमोली पोलाद, ज्याला ४१३० म्हणतात, ते आवाजासाठी चांगलं. नळ्या बारीक, त्यामुळे नळी ढोलासारखी घुमत नाही. बाटलीच्या स्टँडचे आटे त्यात झाळलेले असतात. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ते रिव्हेटसारखे दाबून बसवलेले असतात आणि कालांतराने सैल होऊन खुळखुळू शकतात. ॲल्युमिनियमच्या रुंद नळ्या सांध्यातला लहान आवाजही मोठा करून ऐकवतात, पण सांधे चांगले असतील तर मोठं करायला आवाजच नसतो. टायटॅनियम उत्तम आणि महाग. कार्बनच्या फ्रेममध्ये सिंगल-स्पीडसाठी बहुधा एक्सेंट्रिक बीबी किंवा प्रेस-फिट येतं, तेव्हा आधीचे दोन भाग पुन्हा वाचून मग ठरवा.

पोलादाची काळजी एकच: गंज. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिमी पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि किनाऱ्यालगत उरलेले आठ महिने हवेत मीठ असतं. गंज बाहेरून दिसतो तेव्हा आत आधीच बराच झालेला असतो. बीबी शेलच्या तळाशी पाणी निघून जायला छोटं भोक आहे का, ते बघा. नसेल तर सीट पाइपातून शिरलेलं पाणी बीबीपाशी साठून राहतं.

फ्रेम नवी असतानाच आतून तेलाचा हात द्यावा. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामासाठी मिळणारं उकळलेलं अळशीचं तेल यासाठी चालतं. फ्रेम मोकळी करून प्रत्येक नळीत थोडं थोडं तेल सोडायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जादा निथळू द्यायचं, आटे आणि सीट पाइपाचं तोंड पुसून घ्यायचं आणि दोन-तीन दिवस वाळवायचं. दमट हवेत ते चिकटच राहतं, म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे यांदरम्यान उरकावं. एक धोका आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही: अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

लहान सांधे, मोठे आवाज

हेडसेटचे (हँडल ज्या बेअरिंगांवर फिरतं त्यांचे) कप फ्रेममध्ये दाबून बसवायचे असतात ती रचना चांगली; ४४ मिमी आतल्या व्यासाची सरळ हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी) बऱ्याच पोलादी फ्रेमींत असते आणि तिच्यात वरची दांडी सरळ किंवा निमुळती असलेले, असे दोन्ही प्रकारचे चिमटे बसतात. ज्यात बेअरिंग थेट फ्रेमच्या धातूवर बसतं, तिथे ती बैठक झिजली की फ्रेमच गेली.

सीट पाइपाची चीर मागच्या बाजूला असेल तर मागचं चाक थेट तिच्यात चिखल फेकतं. जांभ्याचा तांबडा चिखल वाळला की बारीक सँडपेपरासारखा होतो. डिचोली आणि सांगेच्या खाणपट्ट्यातली लोहखनिजाची धूळ त्याहून वाईट. चीर पुढे असलेली फ्रेम मिळाली तर बरं, नाहीतर जुन्या ट्यूबचा तुकडा सीट पाइपावर मोज्यासारखा चढवा. सीट पोस्टला ग्रीस लावून आत घाला. पोलादात ॲल्युमिनियमची पोस्ट कोरडी ठेवली तर दोन पावसाळ्यांत ती चिकटून बसते.

मागच्या ब्रेकची नळी बाहेरून जाणारी असेल तर उत्तम, ती पट्ट्यांनी बांधली की विषय संपला. फ्रेमच्या आतून जाणार असेल तर आत तिच्यासाठी वेगळी बारीक नळी आहे का, ते विचारा. नसेल तर फोमचं आवरण चढवल्याशिवाय ती आत आपटत राहील.

टायरच्या दोन्ही बाजूंना ८-१० मिमी मोकळी जागा हवी. खाजनातल्या (खाडीकाठच्या शेतांतल्या) बांधावरची ओली माती इतकी चिकट असते की कमी जागेत ती साचून टायरला घासू लागते.

बेल्टबद्दल विचारणारे वाढले आहेत. बेल्ट खरोखर शांत असतो, त्याला तेल लागत नाही आणि गंजही चढत नाही. पण साधा बेल्ट तोडून जोडता येत नाही, म्हणून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात सहसा उघडणारा सांधा लागतो, आणि तो नसलेल्या बहुतेक फ्रेमींना असा बेल्ट लागत नाही. कोरड्या धुळीत बेल्ट चिवचिवतो. पाण्याने धुतला की थांबतो. चोडणच्या बांधावर पक्षी बघत फिरायचं असेल तर बेल्टचा विचार करावा. सड्यावरच्या मार्चच्या धुळीत मात्र पाण्याची बाटली हाताशी लागेल.

बाजारातली उदाहरणं द्यायची तर अलीकडच्या मॉडेलांत सर्लीची कराटे मंकी आडव्या खाचेची पोलादी आहे, कोनाची युनिट सरकत्या ड्रॉपआउटची पोलादी, सांता क्रूझच्या कमीलियनला ॲल्युमिनियमवर बदलता येणारे ड्रॉपआउट. तिन्हींना आट्यांचं बीबी शेल आहे. दुसरी कुठली फ्रेम समोर आली तर तिची याच मुद्द्यांवर या तिघींशी तुलना करावी.

जुनी फ्रेम घेताना

व्हर्नियर कॅलिपर, दोरा आणि टॉर्च घेऊन जा. एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. दोन्ही बाजूंना दोऱ्यापासून सीट पाइपापर्यंतचं अंतर मोजा. फरक २ मिमीहून जास्त असेल तर फ्रेम वाकलेली आहे, आणि वाकडी फ्रेम चेन कधीच सरळ चालू देत नाही. बीबी शेलमध्ये टॉर्च मारून आटे बघा. एक्सेंट्रिक असेल तर नळकांड्याचा व्यास उभा आणि आडवा असा दोनदा मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर ते अंडाकृती झालंय, सोडून द्या. सरकत्या पट्ट्यांचे बोल्ट तुमच्यासमोर उघडायला सांगा. न उघडणारा बोल्ट म्हणजे पुढच्या खर्चाची सुरुवात. ड्रॉपआउटच्या झाळणीपाशी आणि सीट पाइपाच्या चिरेच्या टोकाशी रंगात केसासारखी रेघ दिसली तर तिथे तडा असू शकतो.

जोडताना आणि नंतर

चेन किती ताणायची? खालच्या पदराच्या मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर एकूण १०-१२ मिमी हलली पाहिजे. क्रँक सावकाश फिरवत हे पाच-सहा ठिकाणी तपासा, कारण चेनरिंग क्वचितच पूर्ण मधोमध बसतं. एका ठिकाणी चेन ताठ आणि समोरच्या बाजूला ढिली लागली, तर चेनरिंगचे बोल्ट थोडे सैल करा, ताठ जागी चेनवर हलकेच ठोका, परत आवळा. ताण नेहमी सगळ्यात ताठ जागेवर ठरवायचा. तारेसारखी ताणलेली चेन कण्हते आणि बेअरिंग खाते.

प्रत्येक बोल्ट ग्रीस लावून आवळा. कोरड्या बोल्टवर पान्याचा बराचसा जोर आट्यांच्या घर्षणातच संपतो. पाना ‘घट्ट झालं’ म्हणतो आणि सांधा ढिलाच असतो.

तरीही कुरकुर आली तर लगेच बीबी उघडू नका. आधी उभं राहून चालवा: बसल्यावरच येत असेल तर सीट किंवा पोस्ट. मग सायकल उभी ठेवून, पायडलला हात न लावता पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे ढकला: आला तर हेडसेट किंवा चिमटा. उजव्याच पायाच्या दाबाला येत असेल तर आधी पायडल काढून आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नंतर चेनरिंगचे बोल्ट, मग ड्रॉपआउट, आणि सगळ्यात शेवटी बीबी. एका वेळी एकच सांधा उघडा आणि त्यानंतर फेरी मारून बघा, म्हणजे आवाज नेमका कुठला होता ते कळेल.

वाळूवरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, दाबाच्या पाइपाने नाही; तो पाणी थेट बेअरिंगात घालतो. पावसाळ्यात दर महिन्याला सीट पोस्ट काढून सायकल उलटी करा आणि आत साठलेलं पाणी निघू द्या. सप्टेंबर संपला की ड्रॉपआउटच्या पट्ट्या, सीट पोस्ट आणि बीबी एकदा पूर्ण उघडून, पुसून, नव्या ग्रीसने बसवा. एका दुपारचं काम आहे.